पहिलीची घंटा शेवटी का वाजली?

सरकारी मसुद्यांत ‘यथावकाश’ या शब्दाला मोठा मान आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर आज देता येत नाही, आणि देता येत नाही असे कबूल करणेही सोयीचे नसते, तेथे हा शब्द कामी येतो. २०२० सालच्या सप्टेंबरअखेर शाळा पुन्हा सुरू करण्यासंबंधीच्या एका मसुद्यावर मी काम करीत होतो. नववी ते बारावीच्या वर्गांसाठी त्यात तीन पाने होती. दोन बाकांमध्ये किती अंतर असावे, मधल्या सुटीत हात कोठे धुवावेत, प्रयोगशाळेत एका वेळी किती मुले असावीत, हे सारे तपशीलवार लिहिले होते. अखेरीस एक ओळ होती : प्राथमिक वर्गांबाबतचा निर्णय यथावकाश घेण्यात येईल. ही ओळ माझी होती. तिच्यावर कोणी शेरा मारला नाही की शंका काढली नाही. ती जशीच्या तशी वर गेली आणि मंजूर होऊन जशीच्या तशी खाली आली. हा अवकाश पुढे किती लांबेल, याचा विचार मी त्या दिवशी केला नव्हता.

परप्रांतात व परदेशात राहणाऱ्या वाचकांपैकी अनेकांनी ती दोन वर्षे मुलाच्या शेजारी, संगणकाच्या पडद्यासमोर बसून काढली असतील. त्यांना त्या काळाची आठवण करून द्यावी असा माझा हेतू नाही. शाळा बंद का झाल्या, हा प्रश्नही मी येथे घेत नाही; मार्च २०२० मध्ये त्या बंद करण्याखेरीज दुसरा मार्ग कोणालाच दिसत नव्हता. माझा प्रश्न मर्यादित आहे. शाळा उघडताना मोठी मुले प्रथम आणि लहान मुले शेवटी, हा क्रम कसा ठरला?

प्रथम कायद्याची थोडी उजळणी करू. २०२० मध्ये शासनाने दोन कायद्यांचा आधार घेतला. एक २००५ चा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम आणि दुसरा १८९७ चा साथरोग अधिनियम. मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या धामधुमीत ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झालेला हा दुसरा कायदा मूळचा अवघ्या चार कलमांचा. त्याच वर्षी १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. ज्या मुलांना शाळेत आणण्यासाठी त्या झटल्या, त्या मुलांचा शिक्षणावर काही हक्क आहे असे त्या काळच्या कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. त्यामुळे साथरोग अधिनियमात शाळेचा विचार नाही याबद्दल त्या काळाला दोष देता येत नाही.

पुढच्या शतकाने मात्र ही उणीव हळूहळू भरून काढली. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. १९५० च्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे शिक्षण दहा वर्षांत साधावे असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. ते साधले नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्यासाठीचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात ‘सक्तीचे’ या शब्दाचा अर्थ फार मोलाचा आहे. ही सक्ती शासनावर आहे. प्रत्येक मुलाचा प्रवेश, त्याची हजेरी आणि त्याचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होणे, हे शासनाने पाहावयाचे आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास, असे मोजमापही अनुसूचीत दिले आहे.

आता २०२० च्या आदेशांकडे वळू. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ ऑगस्टला जो आदेश काढला, त्यानुसार २१ सप्टेंबरपासून नववी ते बारावीच्या मुलांना, प्रतिबंधित क्षेत्राबाहेर, पालकांच्या लेखी संमतीने शिक्षकांच्या मार्गदर्शनासाठी शाळेत जाता येणार होते. ३० सप्टेंबरच्या आदेशाने १५ ऑक्टोबरनंतर शाळा टप्प्याटप्प्याने उघडण्याचा निर्णय राज्यांवर सोपविला. ऑनलाइन शिक्षणालाच प्राधान्य राहील, पालकांची लेखी संमती लागेल आणि हजेरीची सक्ती करता येणार नाही, असे त्यात म्हटले होते.

साथीच्या दृष्टीने पाहिले तर यातली प्रत्येक अट समजण्यासारखी आहे. परंतु हे आदेश आणि २००९ चा अधिनियम शेजारी ठेवून वाचले की एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. राज्यघटनेने ज्यांना हक्क दिला ती पहिली ते आठवीची मुले. नववी ते बारावीचे वर्ग सामान्यतः त्या हक्काच्या बाहेरचे. उघडण्याचा क्रम याच्या नेमका उलट लागला. ज्या हजेरीची जबाबदारी कायद्याने शासनावर टाकली होती, ती पालकांच्या सहीच्या एका कागदावर येऊन थांबली. शाळेचा निर्णय आपत्तीच्या कायद्याखाली झाला. शिक्षणाच्या कायद्याचे पान त्या दिवसांत माझ्यासमोरच्या एकाही नस्तीत लावलेले मी पाहिले नाही. ते लावणाऱ्यांत मीही नव्हतो.

दरम्यान लहान मुलांसाठी काय होते? केरळने १ जून २०२० पासून ‘फर्स्ट बेल’ या नावाने दूरचित्रवाणीवरून पाठ सुरू केले. केंद्राने त्याच वर्षी मे महिन्यात ‘पीएम ई-विद्या’ जाहीर करून एका इयत्तेला एक वाहिनी देण्याचे योजिले. छत्तीसगडने ‘पढ़ई तुंहर दुआर’ आणले. कर्नाटकाने ‘विद्यागम’ योजनेत शिक्षकांना वस्तीवर, देवळाच्या ओसरीवर, झाडाखाली मुलांपाशी पाठविले. साथीच्या भीतीने ऑक्टोबरात ती थांबवावी लागली. या प्रयत्नांमागची तळमळ खरी होती. पण साधनांचा हिशेब आधीच उपलब्ध होता. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के आणि शहरी भागात ४२ टक्के होती. स्मार्टफोन पुढे झपाट्याने वाढले, हे खरे. ‘असर’च्या २०२१ च्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या घरी तो आढळला, पण त्यातल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी कधीच येत नव्हता. फोन बापाच्या खिशात कामावर जात होता, किंवा दहावीतल्या थोरल्या भावंडाकडे होता.

आणि फोन हाती आला तरी सहा वर्षांच्या मुलाने त्याचे काय करावयाचे? दहावीची मुलगी पडद्यावरचे प्रमेय पाहून वहीत उतरवू शकते, कारण तिला वाचता येते. वाचावयास शिकणे हीच ज्याची त्या वर्षाची इयत्ता, त्याला अक्षर गिरवताना बोट धरणारे कोणीतरी शेजारी लागते. घरी ते कोणी असेल तर निभावते. ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांत सुमारे १४०० मुलांची एक पाहणी झाली. ग्रामीण मुलांपैकी नियमितपणे ऑनलाइन शिकणारी ८ टक्के होती आणि मुळीच न शिकणारी ३७ टक्के. पाहणी वंचित वस्त्यांपुरती होती, तेव्हा हे आकडे साऱ्या देशाला लावता येणार नाहीत. शासकीय शाळांचा आधार ज्यांना सर्वांत अधिक, त्यांना मात्र ते नेमके लागू आहेत.

उघडण्याचा क्रम पुढे कसा राहिला, तेही पाहू. महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून स्थानिक परिस्थितीनुसार उघडू लागले, पाचवी ते आठवीचे मुंबईबाहेर २७ जानेवारी २०२१ पासून. दुसऱ्या लाटेने सारे पुन्हा बंद झाले. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून व शहरांत आठवीपासून पुढचे वर्ग सुरू झाले, आणि पहिलीची पाळी १ डिसेंबरला आली. मुंबई-पुण्यात तीही आणखी पंधरवडाभर लांबली. तमिळनाडूत नववी ते बारावी १ सप्टेंबर २०२१ ला आणि पहिली ते आठवी १ नोव्हेंबरला. पश्चिम बंगालमध्ये प्राथमिक शाळांचे दरवाजे १६ फेब्रुवारी २०२२ ला उघडले, म्हणजे तब्बल तेवीस महिन्यांनी. त्याआधी ७ फेब्रुवारीपासून पाड्यापाड्यांत, उघड्यावर ‘पाड़ाय शिक्षालय’ भरू लागले होते.

हा क्रम अटळ होता काय? डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी सर्वांत लहान मुलांना आधी शाळेत आणले. ते उदाहरण दूरचे, लहान देशाचे, म्हणून बाजूस ठेवू. आपल्याच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या चौथ्या सीरो सर्वेक्षणात, जून-जुलै २०२१ मध्ये, सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांत प्रतिपिंडे आढळली. परिषदेच्या महासंचालकांनी २० जुलैला जाहीरपणे सांगितले की शाळा उघडावयाच्या ठरल्यास, कर्मचाऱ्यांचे लसीकरण करून, प्राथमिक शाळांपासून आरंभ करणे शहाणपणाचे ठरेल. लहान मुले या विषाणूला मोठ्यांपेक्षा बरी तोंड देतात. पंजाबने २ ऑगस्टला सर्व वर्ग एकदम उघडले. केरळने १ नोव्हेंबरला पहिली ते सातवीला दहावी-बारावीच्या बरोबरीने पहिल्या टप्प्यात घेतले; आठवी, नववी व अकरावी नंतर. मार्ग होता. बहुतेकांनी तो घेतला नाही.

का घेतला नाही, हे मी आतून पाहिले आहे. पहिले कारण परीक्षा. दहावी-बारावीची तारीख असते, मंडळ असते, विधिमंडळात प्रश्न विचारला जातो. पहिलीच्या मुलाची तारीख कोठेच नसते. २०२१ मध्ये केंद्रीय मंडळाच्या परीक्षाच रद्द झाल्या, तरी आमच्या टप्प्यांचा क्रम तसाच राहिला. दुसरे कारण शिस्त : लहान मुले मुखपट्टी लावणार नाहीत, अंतर पाळणार नाहीत. हे खरेच होते. पण त्यांच्या शिकण्याचा तोटा किती, हे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कोणी घातले नाही. तिसरे कारण सांगावयास जड जाते. शाळा उघडली आणि एक मूल आजारी पडले, तर सही कोणाची होती हे दुसऱ्या दिवशी विचारले जाते. शाळा बंद राहिली आणि हजार मुले अक्षर विसरली, तर कोणतीही सही शोधली जात नाही. बंद ठेवण्याला जबाबदार कोणी नसतो. मी भित्रा होतो असे मला वाटत नाही. आजूबाजूला माणसे जात होती, आणि पालकही भ्यालेले होते. पण ‘यथावकाश’ लिहिताना माझा हात एकदाही अडखळला नाही, एवढे खरे.

याच काळातले एक उलट उदाहरण मला फार बोलके वाटते. शाळा बंद होताच माध्यान्ह भोजनाचे काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजी स्वतःहून विचारला आणि २० मार्चला केंद्राने राज्यांना लिहिले : शिजवलेले अन्न द्या, नाहीतर अन्न सुरक्षा भत्ता द्या. अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली नाही. तरीही उत्तर दोन दिवसांत निघाले, कारण ते आधीच लिहून ठेवलेले होते. २०१५ च्या माध्यान्ह भोजन नियमांत, भोजन देता आले नाही तर काय द्यावयाचे, याची तरतूद आहे. शिक्षणाच्या हक्काला असा नियम नाही. २०० दिवस भरले नाहीत तर मुलाला काय देणे लागते, हे कोठेही लिहिलेले नाही.

परिणाम आता मोजून झाले आहेत. ‘असर’च्या ग्रामीण पाहणीत तिसरीतल्या, दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात ते ४२.१ वरून २६.६ वर घसरले. केरळातही ५२.१ वरून ३८.७ झाले, कारण क्रम बरोबर असला तरी शाळा उघडेपर्यंत वीस महिने गेलेले होते. २०२४ मध्ये देशाचा आकडा २७.१ पर्यंत परत आला, हे शिक्षकांचे आणि तमिळनाडूच्या ‘इल्लम तेडी कल्वी’सारख्या उपक्रमांत घराजवळ शिकविणाऱ्या स्वयंसेवकांचे यश आहे. ते मनापासून मान्य करावे. मात्र २०२४ ची तिसरी ही वेगळी मुले आहेत. २०२० मध्ये जी पहिलीत होती, ती आज माध्यमिकच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्यातील किती जण अजून मागच्या बाकावर ओठ हलवीत वाचतात, हे सरासरीत दिसत नाही.

पुढची साथ केव्हा येईल, हे सांगता येत नाही. तिच्यासाठी दोन ओळींचा नियम आज, शांततेच्या काळात, लिहून ठेवता येईल : शाळा बंद करताना ती किती दिवसांसाठी बंद आहे आणि पुढे तो निर्णय कोण पुन्हा पाहणार, हे आदेशातच लिहावे, आणि उघडताना ज्यांना घरी शिकता येत नाही त्यांच्यापासून आरंभ करावा. बुडालेल्या दिवसांच्या बदल्यात मुलाला काय देणे लागते, हेही त्याच नियमात यावे. भोजनाला जे जमले ते अक्षरांना जमू नये असे काही नाही.

तो मसुदा मी अलीकडे पुन्हा वाचला. तीन पानांत हात धुण्याच्या जागेला एक पूर्ण परिच्छेद आहे. पहिलीला एक ओळ.