तंजावरच्या भातशेतीखालील लिग्नाइट

व्यंकोजीराजे भोसले यांनी सतराव्या शतकात जेथे मराठी राज्य स्थापन केले, ते तंजावर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचे कोठार म्हणून ओळखले जाते. याच भातशेतीखाली लिग्नाइटचे, म्हणजे तपकिरी कोळशाचे थर आहेत.

उत्तरेकडील कडलूर जिल्ह्यात नेयवेली हे नगर अशाच कोळशावर वसले. तेथील सरकारी कंपनी 1956 मध्ये स्थापन झाली. उघड्या खाणींतून कोळसा काढण्यासाठी तेथे थराखालचे दाबयुक्त भूजल सतत उपसावे लागते. तंजावरच्या शेतकऱ्यांना मुख्य धास्ती आहे ती या उपशाची. कोळशाच्या थरांतील मिथेन वायू काढण्याच्या मन्नारगुडी प्रकल्पासही त्यांनी प्रखर विरोध केला होता. तो प्रकल्प राज्य सरकारने 2015 मध्ये नाकारला.

फेब्रुवारी 2020 मध्ये तमिळनाडू विधानसभेने संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदा संमत केला. त्यानुसार या पट्ट्यात तेल, नैसर्गिक वायू व मिथेन यांच्या नव्या उत्खननास मनाई आहे. तरीही 2023 मध्ये केंद्रीय कोळसा मंत्रालयाच्या लिलावाच्या यादीत तंजावर जिल्ह्यातील वडसेरी गटाचा समावेश झाला. मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी 4 एप्रिल रोजी पंतप्रधानांना पत्र लिहून हरकत घेतली. 8 एप्रिल रोजी तत्कालीन कोळसामंत्री प्रल्हाद जोशी यांनी गट वगळण्याचा निर्णय जाहीर केला. सरकारी कारभारात असा वेग विरळाच. वडसेरीबरोबरच अरियलूर जिल्ह्यातील मायकेलपट्टी आणि कडलूर जिल्ह्यातील सेतियातोपच्या पूर्वेकडील गटही लिलावातून वगळण्यात आले.