जपानी बाजा

दिवाळी झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस लागतात. एकेका गावाची मंडई ठरलेल्या दिवशी. दिवसा दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि मधल्या वेळात जिलेबी, फुगे, पाळणा. अशाच एका मंडईत मी लहानपणी पहिल्यांदा बुलबुल तरंग पाहिला. लांबट लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारखी गोल बटणं, बटणांच्या खाली पोलादी तारा. विकणारा डाव्या हातानं बटणं दाबत होता आणि उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या चिपटीनं तारा छेडत सिनेमातलं गाणं वाजवत होता. मी हट्ट धरला. आजा म्हणाला, "पोरा, हा तं जपानी बाजा होय. दोन दिवसांत मोडते."

मोडला चौथ्या दिवशी. म्हणजे आजाचा अंदाज दोन दिवसांनी चुकला. 'जपानी' मात्र त्यानं हलक्या मालाच्या अर्थी म्हटलं होतं. त्याच्या तरुणपणी बाजारात जपानी म्हणजे स्वस्त, रंगीत आणि किती टिकेल याचा भरवसा नसलेलं असं काहीही. या बाजाच्या बाबतीत तो शब्द अक्षरशः खरा होता, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

याच बाजाला मोठ्या आकारात, विजेवर, मिरवणुकीत आपण 'बेंजो' म्हणतो. मुंबईत आणि कोकणात बेंजो पार्टी असते. आमच्याकडे तो धुमालमध्ये असतो. नागपूर-भंडारा-गोंदियापासून पार राजनांदगाव-दुर्ग-रायपूरपर्यंतच्या पट्ट्यात गणपती-दुर्गेच्या मिरवणुका आणि लग्नाच्या वराती ज्याच्या तालावर चालतात, तो धुमाल. रवी जाधवांनी २०१६ साली 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, रितेश देशमुखला घेऊन, तेव्हा मुंबईच्या गल्लीतला हा वादक निदान पडद्यावर तरी आला. पण या वाद्याचं कूळ त्या सिनेमाच्या गल्लीतलं नाही, आणि त्याचं नाव तर त्याचं स्वतःचंही नाही.

कूळ जपानमधल्या नागोया शहरातलं. त्या शहरात ओसू नावाची जुनी वस्ती आहे, कान्नोन या बौद्ध देवतेच्या देवळाभोवती वाढलेली, दुकानांनी आणि तमाशेवाल्यांनी गजबजलेली. तिथं मोरिता गोरो नावाचा एक कलाकार होता. युरोप-अमेरिकेत कार्यक्रम करून आलेला माणूस. तिकडं त्याच्या डोळ्यांत भरला तो टाइपरायटर. जपानमध्ये 'निगेनकिन' नावाचं दोन तारांचं जुनं वाद्य होतं. त्याच्या तारा हातानं दाबायच्या, म्हणजे सूर नेमका कुठं आहे हे बोटाला शिकवावं लागे. मोरितानं त्या तारांवर बटणं बसवली. बटण दाबलं की खालची पट्टी तार पडद्यावर टेकवते आणि ठरलेला सूरच निघतो. बोट कच्चं असलं तरी सूर पक्का. बटणांना आकडे दिले, त्यामुळे आकड्यांत लिहिलेली चाल बघून कुणीही वाजवावं. हे १९१२ सालचं. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीला मेइजी सम्राट वारला आणि तैशो युग सुरू झालं, म्हणून वाद्याचं नाव पडलं 'तैशोगोतो', तैशो काळाचं कोतो. कोतो हे तिकडचं खानदानी तंतुवाद्य. आपल्याकडं कुणी एखाद्या खेळण्याला 'नव्या राज्याची वीणा' म्हणावं, तसा हा प्रकार.

तैशोगोतो जपानमध्ये घरोघर गेलं. गुरू नको, वर्षानुवर्षांची तालीम नको, किंमत आवाक्यातली. आजही तिथं ते मुख्यतः हौसेचं वाद्य आहे. वयस्कर बायकांचे वर्ग भरतात, समूहानं वाजवतात. खानदानी संगीताच्या बैठकीत मात्र त्याला कधी मानाचं आसन मिळालं नाही. मला वाटतं त्याच्या पुढच्या सगळ्या प्रवासाचं कारण इथंच आहे. ज्या वाद्याला घराणं असतं त्याला राखणदारही असतात. याला कुणीच नव्हतं, म्हणून ते ज्याच्या हाती पडलं त्यानं त्याचं हवं ते केलं.

ते बाहेर पडलं जहाजांतून. जपानची निप्पॉन युसेन कंपनी १८९३ पासून कोबे ते मुंबई अशी जहाजं चालवत होती आणि तिच्या पाठीशी जमशेटजी टाटा होते. मुंबईहून जाताना या जहाजांत कापसाच्या गाठी असत. नागपूरला १८७७ पासून एम्प्रेस मिल चालवणाऱ्या टाटांना कापसाचा भाव आणि जहाजाचं भाडं, दोन्ही नीट कळत होतं. पहिल्या महायुद्धानंतर परतीच्या फेऱ्यांत जपानी कापड, बांगड्या, खेळणी असा माल हिंदुस्थानच्या बाजारांत ओतला गेला. तैशोगोतोही याच काळात आशिया-आफ्रिकेच्या बंदरा-बंदरांवर उतरलं.

प्रत्येक बंदरानं त्याला आपापलं नाव दिलं. बालीत काही ठिकाणी त्याला 'मंडोलिन' म्हणतात. पूर्व आफ्रिकेत मोंबासाच्या बाजूला तआरब हा संगीतप्रकार गाणाऱ्यांनी मूळ नावाशीच थोडी झटापट करून 'ताशकोटा' केलं. बलुची लोकांनी त्याला 'बेंजू' म्हटलं आणि आकारानं चांगलं मोठं, भारदस्त केलं. कराचीचे बिलावल बेल्जियम हे बेंजूवादक तिकडं उस्ताद म्हणून गाजले. उत्तर हिंदुस्थानात कुणा रसिकानं 'बुलबुल तरंग' असं कवितेतलं नाव ठेवलं. आणि जर्मनीपासून मुंबईपर्यंत ज्यांना कविता सुचली नाही त्यांनी म्हटलं 'जपान बँजो'.

आता बँजो म्हणजे काय? अमेरिकेतलं, चामडं ताणून मढवलेलं, खणखणीत आवाजाचं तंतुवाद्य. त्याला बटणं नाहीत, पेटी नाही, जपानशी काडीचा संबंध नाही. ते आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत भोपळ्याला कातडं लावून घडवलं. नावाचं मूळही बरेच अभ्यासक पश्चिम-मध्य आफ्रिकेतल्या 'म्बांझा' या शब्दाकडे नेतात. दोन्ही वाद्यांत सारखेपण एकच: पोलादी तारेचा तो टणत्कार. तेवढ्या आवाजावरून आफ्रिकेचं नाव अमेरिकेतून निघालं आणि जपानच्या पेटीवर येऊन बसलं. पुढं 'जपान' हा शब्दही गळाला, 'बँजो'चा 'बेंजो' झाला, आणि आपल्याकडच्या एखाद्या वादकाला खरा अमेरिकन बँजो दाखवला तर तो विचारील, "हे कोणतं वाद्य?" गंमत अशी की आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्याच पेटीला जपानी नाव टिकून आहे आणि आफ्रिकी नाव मात्र भंडाऱ्यात नांदतं आहे.

१९४१ साली जपान दुसऱ्या महायुद्धात उतरला आणि जपानी माल बंद झाला. पेटी मात्र करायला अवघड नव्हती. लाकूड, तार, पत्र्याच्या पट्ट्या, बटणं. ती इथंच होऊ लागली. इथल्या कारागिरांनी आणि वादकांनी एक मोठा फरक केला: चालीच्या तारांच्या शेजारी षड्ज-पंचमाच्या तारा लावल्या. मूळ दोन तारांच्या वाद्याला पाठीमागून तानपुरा मिळाला म्हणा ना. कव्वालीच्या मुकाबल्यांत, भीमगीतांच्या कार्यक्रमांत, मेळ्यांत हार्मोनियम-ढोलकीच्या जोडीला हा बेंजो बसला. शास्त्रीय मंडळींनी नाक मुरडलं. मींड निघत नाही, सूर ठोकळेबाज, वगैरे. हे सगळे आरोप हार्मोनियमवर आधीच झाले होते आणि त्यासाठी आकाशवाणीनं हार्मोनियमला १९४० ते १९७१ अशी तीस वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. बेंजोवर बंदी घालायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. बंदी घालायलाही आधी दखल घ्यावी लागते.

दखल घेतली गेली ती भलत्याच ठिकाणी.

१९७१ चा डिसेंबर, जर्मनीतलं हॅम्बुर्ग. मिखाएल रोथर हा गिटारवादक आणि क्लाउस डिंगर हा ड्रमर, दोघेही क्राफ्टवेर्क या बँडमधून नुकतेच बाहेर पडलेले, 'नॉय' नावाच्या आपल्या नव्या जोडीची पहिली तबकडी करायला स्टुडिओत बसले. ध्वनिमुद्रक होते कॉनी प्लांक. हाताशी जेमतेम चार रात्री, आणि पहिले दोन दिवस काही जमेना. मग डिंगरनं आपला जपान बँजो आणला. तोच आपला मंडईतला बाजा. त्याचा आवाज यंत्रांतून पिळून, ताणून, खरखरीत करून त्यांनी 'नेगातिव्हलांट' हा तुकडा बांधला. गाडी रुळावर आली. १९७२ साली ती तबकडी निघाली आणि प्रयोगशील रॉकच्या इतिहासात आज तिचं नाव आदरानं घेतलं जातं. रोथर लहानपणी, १९६० नंतरची काही वर्षं, कराचीत राहिलेला. तिथल्या रस्त्यावर ऐकलेल्या न संपणाऱ्या संगीताचा आपल्यावर परिणाम झाला, असं तो सांगतो. त्या शहरात बेंजूही वाजत होता, पण त्यावरून मी नातं जोडायला जात नाही. जपान बँजो आणला तो डिंगरनं, रोथरनं नव्हे.

आता जपानकडे पाहा. तिथं १९६९ मध्ये नाकामुरा तोयो यांनी 'न्यू म्युझिक मॅगझिन' सुरू केलं, पुढं १९८० पासून ते 'म्युझिक मॅगझिन' म्हणून निघू लागलं. ओसाकाहून आगी युझुरू यांनी १९७६ मध्ये 'रॉक मॅगझिन' काढलं, आणि युरोपातल्या अशा विक्षिप्त, प्रयोगी संगीताला त्यात मन लावून जागा दिली. गिटारवादकानं कोणती तार लावली, आवाज इफेक्टच्या कोणत्या डबीतून काढला, इथवर खोलात जाऊन लिहिण्याची जपानी संगीत मासिकांची रीत आहे. त्या वाचकांना जर्मनीतून आलेला जो आवाज अगदी नवा वाटला, त्यातला काही भाग त्यांच्याच आजीच्या फडताळात कापडात गुंडाळून ठेवलेला होता. नागोयाची पेटी हॅम्बुर्गला जाऊन आल्यावर लिहिण्याजोगी झाली.

आमच्या पेटीचा प्रयोग त्या मानानं थोरच म्हणायला हवा, पण त्यावर मी कुठल्या मासिकात लेख वाचलेला नाही. मिरवणुकीत पेटीचा आवाज ढोलांपुढं टिकेना, तेव्हा वादकांनी तिच्या तारांखाली गिटारचा पिकअप बसवला. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वरची पोलादी तार थरथरली की त्यात वीज जन्मते. मग तिथून एको, तिथून ॲम्प्लिफायर, तिथून गाडीवर रचलेल्या भोंग्यांची भिंत. आवाज फाटायला लागला की दुसरीकडचा ध्वनिमुद्रक घाबरून बटण खाली करतो. धुमालवाल्याला तो फाटलेला आवाजच हवा असतो, कारण ताशा-ढोलांच्या गदारोळात तोच चिरत जातो. रॉक गिटारवाले याला डिस्टॉर्शन म्हणतात आणि त्यासाठी वेगळी डबी विकत घेतात.

     

जपानशी आमचं नातं तसं या बाजापुरतंच नाही. पवनीजवळ रुयाडला महासमाधीभूमीचा जो मोठा स्तूप उभा आहे, तो जपानी बौद्धांच्या मदतीनं. तिथं येणाऱ्या पाहुण्यांपैकी कुणी आमच्या गावच्या मिरवणुकीत थबकून धुमालचा बेंजो निरखून पाहिला, तर त्या बटणांची रांग त्याला ओळखीची वाटेल. आवाज मात्र मुळीच नाही.

बेंजोचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुतेक वेळा आवाजाच्या बातमीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर एरवी भोंगे बंद. नियम रास्त आहे. आजारी माणसाच्या घरापुढं धुमाल अर्धा तास थांबला की काय होतं, ते मी घरात भोगलं आहे. त्या रात्री मीही शिव्या दिल्या. तरी शिव्या देताना एक कान त्या पोराच्या बोटांकडं होताच, कारण जे तो वाजवत होता ते सिनेमाचं गाणं राहिलं नव्हतं. एकाच तुकड्याभोवती तो घिरट्या घालत होता, तोच तोच आणि तरीही दर वेळी थोडा वेगळा. 'नॉय'ची तबकडी मी पुढं ऐकली तेव्हा मला पहिल्यांदा तोच आठवला.

आता कीबोर्ड स्वस्त झाले आहेत. एका कीबोर्डात बेंजोचा आवाजही मिळतो, शिवाय तार तुटत नाही, सूर उतरत नाही. त्यामुळे बऱ्याच धुमालांतून खरी पेटी उतरते आहे. यंदा तुमच्या दारावरून मिरवणूक गेली आणि गाडीवर तारांचा खरा बेंजो दिसला, तर विसर्जनानंतर, चहाच्या टपरीवर, त्या वादकाला गाठा. पेटी कुणी केली, पिकअप कुठून आणला, तारा कोणत्या सुरात मिळवतो ते विचारा, आणि त्याच्या नावासकट लिहून ठेवा.