डोळ्यातील गाठ आणि रुथेनियमची चकती

बाळाच्या फोटोत बाहुलीत पांढरी चमक दिसते का? मूल हसते-खेळते असले तरी थांबू नका, त्याच आठवड्यात नागपुरातील नेत्रतज्ज्ञांना दाखवा. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याचा कर्करोग, असू शकतो.

गाठ लहान असेल तर डोळा न काढता काही मुलांना रुथेनियम-106 ची चकती बसवतात. अणुवीज केंद्रातील जळालेल्या इंधनाच्या कचऱ्यातून हे रुथेनियम मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने वेगळे केले. ‘कचरा’ ऐकून पालक दचकतात, साहजिक आहे. पण चांदीची ही चकती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर शिवतात. तिचे बीटा किरण काही मिलिमीटरच आत जातात. ठरलेली मात्रा मिळाली की चकती काढतात. मोठ्या गाठीला ती पुरत नाही, म्हणून मोठ्या केंद्रात पाठवले तर तारीख पुढे ढकलू नका.