अक्षरांची मालकी

कल्याण सोडून कर्जतच्या बाजूस निघालेली लोकल गाडी प्रथम विठ्ठलवाडीस थांबते. स्टेशनचें हें नांव उच्चारावयास सोपें आहे, हातानें लिहावयासही सोपें आहे. पण छापावयास तें कधींच सोपें नव्हतें. त्यांत ठ ला ठ जोडावा लागतो, आणि तोही एकाखालीं एक. रंगाऱ्याच्या कुंचल्यास त्याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु शिशाचा खिळा, टंकलेखन-यंत्राची कळ आणि संगणकाची आज्ञावली या तिहींस ह्या एका जोडाक्षरानें आपापल्या काळीं अडविलें आहे.

अडचण आली कीं तींतून वाट काढणारा कोणी निघतो. त्या वाटेवर त्याचा हक्क किती, आणि मागाहून येणाऱ्यांचा किती, हा प्रश्न वरवर कारागिरांचा दिसतो. वस्तुतः तो भाषा लिहिणाऱ्या प्रत्येकाचा आहे. संगणकाच्या जगांत गेलीं पन्नास वर्षें एक वाद चालला आहे. एका बलाढ्य कंपनीची मालकीची आज्ञावली बरी, कीं सर्वांस खुली असलेली बरी, असें त्याचें स्वरूप आहे. मराठी घरांत हा वाद शिरला तो अक्षरांच्या दारानें.

मुंबईंत १८३१ सालीं गणपत कृष्णाजी यांनीं शिळाछापावर मराठी पंचांग छापलें. शिळाछापास जोडाक्षरांची भीति नव्हती; लेखकाच्या हातून जसें उतरलें तसें दगडावरून उमटे. खरी कसोटी लागली ती सुट्या खिळ्यांच्या छपाईंत. रोमन लिपीचा जुळारी थोड्या खणांच्या पेटीवर आपलें काम उरकी. देवनागरीच्या जुळाऱ्यापुढें काने, मात्रा, अर्धीं अक्षरें आणि जोडाक्षरें मिळून शेंकडों खणांचा पसारा असे. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या कोरीव कामामुळें तेथल्या खिळ्यांस अशी कीर्ति मिळाली कीं काशीपासून मद्रासपर्यंतच्या संस्कृत पंडितांस निर्णयसागराचा ग्रंथ म्हणजे शुद्ध आणि सुबक ग्रंथ असें वाटूं लागलें.

या व्यवहाराचें एक अंग आज विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. खिळे वजनावर विकले जात. छापखानेवाल्यानें पैसे मोजले कीं ते खिळे त्याचे झाले. त्यांनीं त्यानें पोथी छापावी कीं जाहिरात, एखादा खिळा कमी पडल्यास दुसऱ्याकडून ओतून घ्यावा, झिजल्यावर सगळे वितळवून टाकावे, यांत विकणाऱ्याचा शब्द चालत नसे. आणि छापलेलें पुस्तक वाचणाऱ्याचा तर ओतकाम करणाऱ्याशीं कांहींच संबंध नसे. अक्षराचें वळण कारागिराचें, खिळे छापखान्याचे, आणि मजकूर लेखक-वाचकांचा, अशी ही सरळ वांटणी होती.

पुढें यंत्रें आलीं, आणि यंत्रासाठीं लिपीसच वांकविण्याचे विचार सुरू झाले. लोकमान्य टिळकांनीं खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नांत लक्ष घातलें. स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं लिपिशुद्धीच्या चळवळींत ‘अ’ च्या बाराखडीचा पुरस्कार केला. गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं भारतांत टंकलेखन-यंत्रें बनविण्यास आरंभ केला. पण मराठी यंत्र कोणाचेंही असो, त्याच्या मोजक्या कळांत प्रत्येक जोडाक्षरास स्वतंत्र जागा मिळणें अशक्यच होतें. पांडुरंगाचें नांव कचेरीच्या कागदावर ‘विठ्‌ठल’ असें, ठ चा पाय मोडून, उमटूं लागलें. लोकांनीं तें चालवून घेतलें. पाय मोडला तरी नांव वाचतां येत होतें.

याच सुमारास अमेरिकेंत संगणक प्रयोगशाळेंतून घराकडे निघाला होता. मायक्रोसॉफ्ट कंपनीची स्थापना १९७५ सालीं झाली, आणि १९७६ च्या फेब्रुवारींत तिचे एक संस्थापक बिल गेट्स यांनीं हौशी संगणकप्रेमींस उद्देशून एक उघडें पत्र लिहिलें. आज्ञावली लिहिण्यास श्रम आणि पैसा लागतो. तिच्या फुकट नकला फिरूं लागल्या तर चांगली आज्ञावली लिहील कोण, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल खोटा नव्हता. याच्या उलट विचार १९८३ मध्यें रिचर्ड स्टॉलमन यांनीं मांडला. आज्ञावली चालविण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्यास देण्याची मोकळीक वापरणारास असलीच पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहून तो जगापुढें ठेवला, आणि ह्या विचारास चालतें-बोलतें शरीर मिळालें.

दरम्यान कंपनीचें साम्राज्य पसरलें. अमेरिकेच्या सरकारनें १९९८ मध्यें तिच्यावर खटला भरला. १९९९ मध्यें न्यायाधीशांनीं तिची मक्तेदारी असल्याचा निष्कर्ष नोंदविला. २००० मध्यें तिचे दोन तुकडे करण्याचा हुकूम झाला. २००१ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो हुकूम रद्द केला, तरी मक्तेदारी टिकविण्यासाठीं गैरमार्ग अवलंबिल्याचा ठपका कायम राहिला.

भारतांतील घरांस हा वाद दूरचा वाटला, आणि त्यास कारण होतें. पुष्कळांच्या संगणकावर कंपनीची आज्ञावली होती खरी, पण ती पैसे देऊन घेतलेली नव्हती; संगणक जोडून देणारा ती सोबत घालून देई. जी वस्तु आयती मिळते तिच्या मालकीचा विचार कोण करतो? परंतु मराठींत फुकट आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांमधील अंतर लौकरच अनुभवास यावयाचें होतें.

संगणकावर मराठी आणण्याचें काम परदेशी कंपनीनें नव्हे, येथल्याच लोकांनीं आरंभिलें. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें भारतीय लिप्यांचें तंत्र तयार झालें, आणि १९८८ मध्यें पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें तें पुढें नेलें. १९९१ मध्यें ‘इस्की’ नांवाची भारतीय लिप्यांची संकेतावली राष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. तिची कल्पना सुंदर होती. संगणकानें अक्षराचा आकार नव्हे, उच्चार ध्यानांत ठेवावा. आकार दाखविण्याचें काम निराळें असावें.

बाजारानें मात्र जवळची वाट धरली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृति, अशा मालकीच्या आज्ञावल्या निघाल्या. त्यांनीं वृत्तपत्रें, प्रकाशक, लग्नपत्रिका छापणारे, सगळ्यांची सोय केली, आणि त्यांचें हें ऋण मान्य केलें पाहिजे. त्या नसत्या तर मराठी छपाई दहा वर्षें मागें राहिली असती. पण त्या काळच्या बहुतेक अक्षरसंचांत युक्ति अशी होती कीं रोमन अक्षरांच्या जागीं मराठी आकार बसवावयाचे. संगणकाच्या लेखीं तेथें मराठी नव्हतीच. होता तो रोमन अक्षरांचा अर्थहीन घोळका, आणि त्यावर मराठीचा मुखवटा. कोणता आकार कोणत्या जागीं बसवावयाचा हें प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनें ठरवी. एका संचांत लिहिलेला लेख दुसऱ्यांत उघडला कीं मुखवटा गळून पडे. कांहीं आज्ञावल्यांबरोबर तर कुलुपासारखा एक लहान तुकडा येई. तो यंत्रास जोडल्यावांचून काम चालत नसे.

जावजी दादाजींच्या काळची सरळ वांटणी येथें मोडली. आतां अक्षरांचा विक्रेता वाचक आणि मजकूर यांच्यामध्यें येऊन उभा राहिला. टंकलेखन-यंत्रावर ठ चा पाय मोडला होता; येथें सगळें नांवच नाहींसें होऊं लागलें.

यावर उपाय निघाला तो सर्वांच्या सामायिक संकेतावलीचा. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ च्या ऑक्टोबरांत निघाली, आणि तींतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली होती. तीप्रमाणें ‘विठ्ठलवाडी’ म्हणजे दहा खुणांची एक ओळ. ती मुंबईंत लिहिली काय आणि न्यूयॉर्कला उघडली काय, दहा खुणा त्याच. ठ्ठ एकाखालीं एक दाखवावयाचा कीं पाय मोडून, हें ज्या त्या अक्षरसंचानें पाहावें. नांव मात्र हरवणार नाहीं. विशेष हें कीं ही संकेतावली संन्याशांनीं रचलेली नाहीं. एकमेकांशीं स्पर्धा करणाऱ्या मोठ्या कंपन्या, मायक्रोसॉफ्टसुद्धां, त्या संस्थेच्या सभासद आहेत. संकेत कोणा एकाचा नसण्यांतच सर्वांचें हित आहे, एवढें त्यांनीं ओळखलें.

या सामायिकपणाचें मोल विठ्ठलवाडीच्या शेजारीं पाहावें. पलीकडचें उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणींतून उभें राहिलें. १९४९ मध्यें त्यास हें नांव मिळालें. सिंधी भाषा देवनागरींत लिहितां येते, पण तिच्या चार खास उच्चारांसाठीं ग, ज, ड आणि ब यांखालीं रेघ असलेलीं अक्षरें लागतात. हीं चार अक्षरें २००६ मध्यें युनिकोडांत दाखल झालीं. मराठीचा ‘ॲ’ २००८ मध्यें आला. एवढ्या लहान गरजेसाठीं नफा पाहणारा विक्रेता कधीं धांवला असता, सांगणें कठीण. सामायिक पंगतींत मात्र मागणाऱ्यास पुरावा देऊन आपलें पान मांडून घेतां येतें.

आतां दोन्ही पक्षांचा हिशेब. फेब्रुवारी २००० मध्यें मायक्रोसॉफ्टनें विंडोज २००० बाजारांत आणली, आणि तींत युनिकोडची देवनागरी ‘मंगल’ या अक्षरसंचासह घरोघर पोंचली. मंगलचे आकार मुंबईचे सुलेखनकार आणि कवि प्रा. र. कृ. जोशी यांनीं रेखाटलेले. एवढा मोठा पसारा असलेल्या कंपनीवांचून हा प्रसार इतक्या लवकर झाला असता असें कोणी म्हणूं नये. परंतु त्याच जोशींनीं मुंबईच्या एन. सी. एस. टी. या सरकारी संस्थेंत ‘रघु’ हा दुसरा संच तयार केला, आणि तो मुक्त परवान्याखालीं सर्वांस दिला गेला. हात एकच, एक देणगी कंपनीच्या दारानें आली, दुसरी उघड्या अंगणांतून. कला कोणत्या पक्षाची, हा प्रश्न यामुळें निकालांत निघतो. प्रश्न उरतो तो एवढाच कीं आकार आवडला नाहीं तर तो सुधारण्याची मुभा कोणास?

मराठीस ही मुभा हवी होती. मराठीचा ल आणि मराठीचा श हिंदीहून वेगळ्या वळणाचे. संगणकावर मात्र ते पुष्कळदां हिंदी वळणानेंच उमटत. रेड हॅट कंपनीनें २००४ मध्यें ‘लोहित’ नांवाचे अक्षरसंच मुक्त परवान्याखालीं दिले, आणि त्यांत पुढें मराठीसाठीं वेगळा संच आला. बंगळूरच्या सायबरस्केपनेंही २००३ मध्यें आकृतीचे अक्षरसंच मुक्त केले. मुंबईंतील इंडलिनक्सच्या स्वयंसेवकांनीं भारतीय भाषांसाठीं लिनक्स सजविण्याचें काम केलें. पुढें मुंबईच्याच एक टाइप या मंडळानें ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देखणे संच सर्वांस खुले केले. मुक्त पक्षाची उणीवही झांकूं नये. स्वयंसेवकांचा उत्साह ओसरला कीं काम अर्ध्यावर राहतें, आणि अडलेल्या गृहस्थानें तक्रार कोणाकडे करावी हें त्यास कळत नाहीं. कंपनीकडे निदान एक दार तरी ठोठावतां येतें.

वादाचा निर्णायक सामना अक्षरांवर नव्हे, दस्तऐवजांवर झाला. कचेरींतील कागद कोणत्या घडणींत साठवावे? ओडीएफ ही खुली घडण २००६ मध्यें आंतरराष्ट्रीय मानक झाली होती. मायक्रोसॉफ्टनें आपली ओओएक्सएमएल ही दुसरी घडण पुढें केली. भारतीय मानक ब्यूरोच्या समितींत एकमत नव्हतें. तरी भारतानें सप्टेंबर २००७ मध्यें आणि पुन्हां मार्च २००८ मध्यें तिच्या विरुद्ध मत दिलें. ती जगांत मान्य झाली. भारतानें दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि व्हेनेझुएला यांच्याप्रमाणें अपील केलें, तें फेटाळलें गेलें. पण हार झाली तरी प्रश्न सरकारी टेबलावर आला होता. केंद्र सरकारनें २००९ मध्यें ई-प्रशासनासाठीं युनिकोड, २०१० मध्यें खुल्या मानकांचें धोरण आणि २०१५ मध्यें मुक्तस्रोत आज्ञावलींचें धोरण स्वीकारलें. प्रतिपक्षही पालटला. मुक्त आज्ञावली लिहिणारे आपलें काम जेथें ठेवतात तें गिटहब मायक्रोसॉफ्टनेंच २०१८ मध्यें विकत घेतलें.

म्हणून या इतिहासाचा निष्कर्ष कंपनी वाईट आणि समाज चांगला, इतका भाबडा नाहीं. कारागिरानें आपल्या कसबाचें मोल घ्यावें. जावजी दादाजींनींही घेतलें. परंतु ज्या संकेतानें भाषा साठविली जाते तो संकेत कोणाच्याही दुकानांतला माल असतां कामा नये. निर्णयसागराचा शंभर वर्षांपूर्वींचा ग्रंथ आज कपाटांतून काढला तर कोणाची परवानगी न घेतां वाचतां येतो. उलट १९९५ च्या सुमारास संगणकावर लिहिलेलें वडिलांचें आत्मवृत्त, संस्थेचा अहवाल किंवा एखाद्या मासिकाचा अंक, ज्या अक्षरसंचांत तो बांधला तो संच हाताशीं नसेल तर, डोळ्यांपुढें असूनही वाचतां येत नाहीं. तें रूपांतरित करून देणाऱ्या आज्ञावल्या आहेत. त्या वापरून असे जुने मजकूर युनिकोडांत आणून ठेवणें हें ज्या त्या घराचें आणि संस्थेचें काम आहे, आणि तें लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. जुनीं यंत्रें आणि जुन्या तबकड्या दरवर्षीं भंगारांत जात आहेत.