शिपायाचा मुलगा आणि हातखर्च

रत्नागिरी जिल्ह्याने मुंबई इलाख्याच्या फौजेस शिपाई पुष्कळ दिले. दापोलीच्या कँपात पेन्शनर सुभेदार-हवालदारांची वस्तीच झाली होती. त्यांच्या मुलांस अधिकाऱ्याची पदवी मात्र दूर राहिली, ती शौर्याच्या उणिवेने नव्हे, असे आम्हांस वाटते. 1918 पासून सँडहर्स्टला दरसाल दहा जागा हिंदी तरुणांस मिळू लागल्या. पण शिक्षणाचा, पोषाखाचा व विलायतेच्या प्रवासाचा भार बापाच्या माथी. सुभेदाराच्या पेन्शनीत तो कसा भागावा? 1932 साली डेहराडूनची प्रबोधिनी निघाली. पहिल्या चाळीस जागांपैकी पंधरा शिपायांतून वर आलेल्यांस दिल्या, हे न्याय्यच झाले; परंतु परीक्षेने शिरणाऱ्यास समुद्र टळला, फी टळली नाही.

1955 पासून खडकवासल्यास निवास, भोजन, पुस्तके, गणवेश, औषधपाणी, सारे सरकारी. तरी तेथील तीन वर्षे वेतन नाही. दरमहा 56,100 रुपयांचे विद्यावेतन पुढे डेहराडूनला गेल्यावर. हातखर्च घरूनच यावयाचा. तो दरमहा 3,000 रुपयांच्या आत राहील, असे प्रवेशाच्या सरकारी जाहिराती सांगत आल्या. अल्प उत्पन्नाच्या पालकांस साह्य मिळे, तेही फार तर 1,000. उरलेले दोन हजार, आंब्याचा मोहोर गळालेल्या वर्षी, वाडीतल्या बापाने कोठून पाठवावयाचे?