मुंबईचा बोंबील खरं तर कुठला? दिग्रस ते अर्नाळा, एका प्रवासाची टिपणं

दिग्रसच्या आठवडी बाजारात भाजीची रांग संपली, मिरची-मसाल्याचे ढीग संपले की जरा आडबाजूला सुकट-बोंबलाची दुकानं लागतात. वास आधी येतो, दुकान नंतर दिसतं. माझी आजी पाऊस लागायच्या आधी तिथूनच झिंगे आणि बोंबील घेऊन डब्यात भरून ठेवायची. आमच्याकडं मासोळी म्हणजे अरुणावती धरणाची किंवा नदीतली. समुद्र पाचशे किलोमीटरच्याही पलीकडं. मग हा बोंबील येतो कुठून? दुकानदार बाईला विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "मुंबईचा माल आहे, बाई."

उत्तर कोकणचा किनारा आणि वऱ्हाड यांच्यातला व्यापार हा माझ्या पीएचडीचा विषय. कापसाबद्दल कागद भरपूर सापडतात. १९०८ सालचं यवतमाळ जिल्ह्याचं गॅझेटियर उघडा, कापूस, जिनिंग, बाजारपेठा सगळं आहे. वऱ्हाडातून किनाऱ्याकडं काय गेलं ते नीट लिहिलेलं आहे. किनाऱ्याकडून वऱ्हाडात काय आलं, त्यातला गरिबाच्या ताटातला भाग शोधायला गेलं की कागद गप्प होतात. म्हणून म्हटलं, एकदा रस्त्यानेच जाऊन बघू. मामाची जुनी गाडी, मामा आणि मी.

दिग्रसहून दारव्हा, कारंजा आणि तिथून समृद्धी महामार्ग. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला आणि भिवंडीजवळ आमण्याला संपतो. पुढं भिवंडीतून कशेळीचा पूल ओलांडला तेव्हा मी मामाला म्हटलं, "आता आपण बेटावर आलो." मामाने दोन्हीकडच्या इमारती बघितल्या. "कुठी आहे बेट?"

मामाचा प्रश्न बरोबर होता. आपण ज्याला ठाणे, बोरिवली, अंधेरी म्हणतो ते सगळं साष्टी नावाच्या बेटावर आहे. त्याच्या दक्षिणेला मुंबईची सात बेटं, उत्तरेला खाडीपलीकडं वसई. जुन्या काळी वसईसुद्धा खाड्यांनी मुख्य भूमीपासून तुटलेली होती. १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाने हा पट्टा पोर्तुगीजांना दिला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी त्यांच्याकडं गेली. त्यानंतर बेटं जोडायची कामं सुरू झाली. शीवचा बांध १८०५ मध्ये पूर्ण झाला, माहीमचा १८४५ मध्ये खुला झाला. १८६४ मध्ये रेल्वे वसईची खाडी ओलांडून गुजरातकडं गेली. तीच खाडी आम्ही घोडबंदरच्या पुढं पुलावरून दोन मिनिटांत पार केली. मामाला पाणी दिसलं, बेट काही दिसलं नाही.

आता बोंबलाकडं येऊ. जॉन फ्रायर नावाचा एक इंग्रज डॉक्टर १६७३ मध्ये मुंबईत आला होता. त्याने माझगावबद्दल लिहून ठेवलंय की हे मासेमारीचं मोठं गाव आहे, इथला बोंबील प्रसिद्ध आहे आणि गरीब लोक त्यावर जगतात. माझगाव हे त्या सात बेटांपैकी एक. आज माझगाव म्हटलं की जहाजं बांधायची गोदी आठवते, बोंबील कुणाला आठवत नाही.

इंग्रजीत बोंबलाला 'बॉम्बे डक' म्हणतात. त्याची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मुंबईहून सुटणाऱ्या डाकगाडीला सुक्या बोंबलाचा वास यायचा, म्हणून 'बॉम्बे डाक', आणि त्याचं झालं 'डक'. गोष्ट झकास आहे, पण टिकत नाही. आपल्याकडं रेल्वे आली १८५३ मध्ये, आणि हे नाव त्याच्या कितीतरी आधी इंग्रजी पुस्तकांत छापलेलं सापडतं. नाव कसंही पडलं असो, त्यात 'मुंबई' चिकटली ती चिकटलीच. दिग्रसच्या बाईचा 'मुंबईचा माल' त्याच नावाचा नातेवाईक. ज्या गावांत बोंबील पकडतात, सुकवतात, त्या गावांची नावं दोन्हीकडं गळून पडली.

त्यातलंच एक गाव अर्नाळा. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून समोर बेट दिसतं. त्यावर किल्ला आणि किल्ल्याभोवती कोळ्यांची वस्ती. पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी हे बेट १७३७ मध्ये घेतलं. दरवाजावरच्या शिलालेखात बाजीरावांचं नाव आहे. बेटावर जायला बोटच लागते. होडीत बसल्यावर मामा पहिल्यांदा म्हणाला, "हं, हे बेट!"

इथले लोक बोंबलासाठी डोल जाळं वापरतात. तोंडाला रुंद, शेपटाकडं निमुळती अशी मोठी पिशवीच ती. समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीने मासे आपोआप आत जातात. माल किनाऱ्यावर आला की पुढचं काम बायकांचं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवाच्या दोरीवर, टांगायची. जवळा खाली खळ्यावर पसरायचा. ऊन आणि वारा बाकीचं काम करतात. मीठ लागत नाही.

हे "मीठ लागत नाही" ऐकलं आणि माझी पेन्सिल थांबली. इंग्रजांच्या काळात मिठावर कर होता. मासे खारवण्यासाठी सरकारने ठिकठिकाणी वेगळी आवारं केली होती. तिथं करातून सुटलेलं मीठ मिळायचं, त्यामुळे किती मीठ दिलं, किती मासा खारवला याचा हिशेब ठेवावा लागायचा. खारवलेला मासा कागदावर आला तो असा, मिठाच्या मागोमाग. उन्हात सुकलेल्या बोंबलाशी मीठ खात्याचा संबंधच नव्हता, मग त्याची तशी नोंद ठेवायचं कारणही नव्हतं. मी अभिलेखागारात जो माल शोधत होते तो माझ्या डोक्यावरच्या दोरीला लटकत होता.

मामा एव्हाना कंटाळला होता. "काहून गं, समुद्र पाहाले आलो का बोंबील मोजाले?" वलांडीजवळच्या मावशी हसल्या. त्यांना विचारलं, हा माल कुठं जातो? म्हणाल्या, "व्यापारी नेतो, बाय. पुढं कुठं जातो ते आम्हाला काय ठाव?" मी दिग्रस सांगितलं. त्यांनी ते नाव पहिल्यांदाच ऐकलं. दिग्रसच्या बाईला अर्नाळा माहीत नाही, अर्नाळ्याच्या मावशींना दिग्रस माहीत नाही, आणि मधला बोंबील दोघींचं घर चालवतो.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला सातपाटीपर्यंत गेलो. सातपाटी पापलेटचं गाव. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा जाहीर झाला याचा तिथं अभिमान आहे. पण गप्पा लगेच वाढवणवर येतात. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प, आणि त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. मच्छीमार संघटनांचा विरोध आहे. मासे जिथं वाढतात तीच जागा जाईल, असं त्या म्हणतात. बंदर झाल्यावर रोजगार येईल, असं सरकार म्हणतं.

मी इतिहासाची विद्यार्थिनी, पुढचं सांगणं माझं काम नाही. पण मागचं सांगू शकते. माझगाव हे बोंबलाचं गाव होतं हे आज आपल्याला कळतं, कारण एका परक्या माणसाने जाता जाता दोन ओळी लिहून ठेवल्या. नुकसान झालं असं म्हणायलासुद्धा आधी काय होतं ते कुठंतरी लिहिलेलं लागतं. सुक्या बोंबलाच्या बाबतीत ते फार कमी लिहिलं गेलंय.

म्हणून परत आल्यावर एक वही केली आहे. दर बाजाराला दिग्रसच्या दुकानांत जाते. कोणता माल, काय भाव, कोणत्या व्यापाऱ्याकडून, असं विचारते. गेल्या वेळी मी त्या बाईला अर्नाळ्याच्या वलांडीचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला. मग शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, "ये बापा, पाह्य, आपला बोंबील असा वाळवतेत."