आधी शिकणारा गुरू

आमच्या धर्मग्रामातील मुले पदवी घेतात, तेव्हा आम्हांला फादर हेन्री हेरास आठवतात. हे स्पॅनिश येशूसंघीय धर्मगुरू १९२२ साली मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात इतिहास शिकवण्यास आले. भारताच्या इतिहासाचे त्यांना ज्ञान नव्हते. तरी तोच विषय त्यांनी निवडला. आधी आपण शिकू, असे ते प्राचार्यांना म्हणाल्याचे सांगतात.

१९२६ मध्ये त्यांनी भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापिली. नाणी, मूर्ती, ग्रंथ जमविले. त्यांचे शिष्य जॉर्ज मोराइस यांनी १९३१ साली ‘कदंबकुल’ ग्रंथात बनवासी व गोव्याच्या कदंबांचा इतिहास मांडला.

१९५५ मध्ये फादर निवर्तले. संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ‘मला ठाऊक नाही’ म्हणण्याची लाज आपण मुलांना वाटू देऊ नये. विद्येचा आरंभ तेथेच होतो.